सुनेनं समुद्रात उडी मारली

बचत गटातल्या बायका भेटल्या की एकच विचारतात, "खरंच तळापर्यंत गेलतीस व्हय गं?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून सांगून माझा घसा बसला. आमच्या कवठ्यात कुणी परगावच्या लग्नाला जाऊन आलं तरी पंगतीत काय काय होतं ते सांगितल्याशिवाय सुटका नसते, मग हे तर समुद्राच्या पोटात जाऊन आल्याचं प्रकरण. म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा. बाकीच्यांनी चहाला या, पण प्रश्न विचारू नका.

समुद्राच्या आधी विहिरीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझं माहेर खुटबाव. चारी बाजूंनी ऊस आणि मधे आमची विहीर. वडलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला तिच्यात ढकललं तेव्हा मी दुसरीत असेन. पुढं डबा सुटला आणि मी अशी पोहायला लागले की पोरांशी पैजा लावायचे. पैज म्हणजे बुडी मारून तळ गाठायचा आणि लोकांना खरं वाटावं म्हणून मूठभर गाळ वर आणायचा. माझी मूठ कधी रिकामी आली नाही.

मग लग्न होऊन कवठे येमाईला आले. पहिलाच उन्हाळा. मळ्यातल्या विहिरीवर पाणी शेंदताना दोर सुटला आणि बादली तळाला गेली. खुटबावच्या पोरीनं काय करावं? पदर खोचला आणि सूर मारला. शेजारच्या एका पोरानं ते बघितलं आणि बोंब ठोकत गावाकडं पळालं, "सुनेनं हिरीत उडी मारली! सुनेनं हिरीत उडी मारली!"

आता आमच्याकडं सुनेनं विहिरीत उडी मारली म्हटलं की त्याचा अर्थ एकच. ती पोहायला गेली असेल, असं आजवर कुणाच्या मनातसुद्धा आलेलं नाही. आमचे हे तिथंच घासाला पाणी देत होते. हातातलं खोरं टाकून पळत आले आणि मागचापुढचा विचार न करता धाडदिशी आत! मी बादली घेऊन वर येतेय, तर माझ्या शेजारून नवरा खाली चाललेला. यांना पोहायला येत नाही हे मला तेव्हा कळलं. लग्न जमवताना कुणी बोललं नव्हतं. बादली दिली सोडून, यांचे केस मुठीत धरले आणि ओढत ओढत पायरीवर आणून टाकलं. तेवढ्यात दोर, शिडी, बाज घेऊन गाव आलं. गावाला काय दिसलं? दोघं ओलेचिंब, सून थरथरतेय आणि नवरा धापा टाकतोय. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "माझ्या लेकानं वाचवली गं बया!"

झालं. हे त्या दिवशी पट्टीचे पोहणारे झाले. दुसऱ्या दिवशी खुटबावहून माझे वडील जीपभर माणसं घेऊन आले, "पोरीला काय तरास दिला ते सांगा!" मी शंभरदा सांगितलं की बादली काढायला उडी मारली. ना माहेरानं ऐकलं, ना सासरानं. सासूबाईंनी हुकूम सोडला, "आजपासनं या घरची सून हिरीत पाय घालायची न्हाई." त्यानंतर मी पोहले नाही. सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली, पण त्यांचा शब्द काही गेला नाही. इकडं यांना गाव 'आप्पा' म्हणायला लागलं, आणि आप्पा विहिरीच्या काठावर उभं राहून पोरांना "पाय मार, पाय मार" असं शिकवायला लागले. स्वतः का उतरत नाही म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, "आता वय झालं." तेव्हा हे पंचविशीत होते.

निघायच्या आधी

आमची लेक प्राजक्ता रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि कारेगावात खोली करून राहते. तिनं परस्पर तिकिटं काढली आणि रविवारी घरी येऊन सांगितलं, "आई, आपण अंदमानला चाललोय. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाला नेतात. पप्पांना तर काय, पोहायला येतंच."

यांना चहाचा जो ठसका लागला तो संध्याकाळपर्यंत पुरला.

मला मात्र रात्रभर झोप नाही. तळ म्हटलं की माझी मूठ आपोआप मिटत होती. मी तिथंच ठरवलं, काही होवो, मी तळ गाठणार. तिथं मला ओळखणारं कोण आहे? सून उडी मारते म्हणून दोर घेऊन पळणारं कोण आहे? येमाईला नारळ फोडला आणि देवीलाही तेच सांगितलं. हे शेजारीच हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ माझ्यापेक्षा जोरात हलत होते.

बेटावर

विमान, मग दुसरं विमान, मग बोट. त्यातलं सांगण्यासारखं इतकंच की बोटीत मला काही झालं नाही आणि यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा, सगळं समुद्राला अर्पण केलं.

बेट म्हणजे काय सांगू बायांनो! पाणी निळं असतं हे आपण चित्रात बघतो आणि चित्रकाराला नावं ठेवतो. तो बिचारा खरं बोलत होता. काठाला हिरवट, पुढं मोरपिशी आणि त्याच्यापुढं गडद निळं. यांनी किनाऱ्यावर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढं पानी, आन् एकबी मोटार न्हाई."

आम्ही उतरलो होतो एका बंगाली बाईंच्या घरी. शेफाली काकी म्हणायचे सगळे त्यांना. त्यांचे आईवडील फार पूर्वी तिथं येऊन वसलेले. दारात सुपारी, केळी आणि घरामागं तळं. घरोघरी असं तळं. संध्याकाळी बघते तर काकी साडीसकट तळ्यात उतरल्या, सपासप हात मारत पलीकडं गेल्या, शेजारणीशी दोन गोष्टी बोलल्या आणि परत आल्या. त्यांची सून भांडी घासत होती, तिनंही हात धुवावेत इतक्या सहज एक बुडी मारली. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी काठावर बसून पाण्यात नुसती बोटं बुडवली. काकींनी विचारलं, "तुम्हारे गांव में औरत लोग नहीं तैरता?"

मी म्हटलं, "तैरता है काकी. लेकिन सिर्फ एक बार." काकींना काही कळलं नाही. कळणार तरी कसं?

कमरेइतक्या पाण्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शिकवायला आली मीनाक्षी. पोर्ट ब्लेअरची तमिळ मुलगी, आमच्या प्राजक्ताएवढी, काळीसावळी आणि काटक. तिनं रक्तदाब बघितला, दम्याचं विचारलं आणि मग अंगाला चिकटणारे काळे रबरी कपडे दिले. ते चढवता चढवता यांचा अर्धा जीव तिथंच गेला. बाहेर आले तेव्हा डबक्यातून उठलेल्या म्हशीगत चमकत होते. मी हसले, तर म्हणाले, "तूबी काय लई चांगली दिसंनास." दागिने काढा म्हणाली, तर मी मंगळसूत्र आत खुपसून वरून चेन ओढली. त्यात दोन पोवळी आहेत. म्हटलं, असू द्या, माहेरी चाललीत.

"स्विमिंग आता है, अंकल?" मीनाक्षीनं विचारलं.

यांनी आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "थोडा थोडा," म्हणाले. लेक म्हणाली, "काय थोडा थोडा पप्पा! आईला वाचवलंत तुम्ही!" मी समुद्राकडं बघत राहिले.

मीनाक्षी म्हणाली, पोहता नाही आलं तरी चालतं, प्रत्येकाला मागून धरायला एकेक जण असतो. नियम एकच पाळायचा. "साँस मत रोकना. नीचे साँस रोका और ऊपर आये, तो फेफड़ा खराब होता है. जो साँस रोकेगा, उसको मैं नहीं ले जाऊँगी."

कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यावर बसायचं, नाकाडोळ्यांवर काच, तोंडात नळीचं रबर, आणि डोकं पाण्याखाली. आधी हे बसले. भीतीनं असे श्वास घ्यायला लागले की गुऱ्हाळाच्या कढईत रस उकळतोय असं वाटावं. भडाभडा बुडबुडे! मीनाक्षी खूश. "वा अंकल! परफेक्ट!"

मग मी. मला तर हसूच येत होतं, की ही मला काय शिकवणार? डोकं पाण्याखाली घातलं, आणि घातल्याबरोबर श्वास बंद. डब्यासारखा गच्च. मी आपली शांत बसलेय, तर मीनाक्षीनं दंड धरून वर ओढलं.

"आंटी, साँस क्यों रोक लिया?"

"अगं बाई, पानी में कोई साँस लेता है क्या? मर जायेगा ना!"

"तोंड में हवा है आंटी! उसी के लिए टंकी है!" गडबडीत तिच्याही हिंदीत माझं मराठी शिरलं.

कळत होतं हो सगळं. पण वडलांनी लहानपणी अंगात भरलेलं, डोकं पाण्याखाली गेलं की छाती बंद. ते आता टाकी बघून थोडंच ऐकणार? दुसऱ्यांदा बसले. एक श्वास घेतला, की परत कुलूप. तिसऱ्यांदा तर मीनाक्षी माझ्यासमोर बोटांनी बुडबुडे करून दाखवत होती आणि मी मान डोलवत होते, श्वास धरूनच.

शेवटी ती हळूच म्हणाली, "आंटी, आज रहने दीजिए. काँच वाली नाव में बैठ के सब मछली दिखेगा. अंकल और दीदी नीचे जायेंगे."

म्हणजे बघा हां. ज्याला पोहता येत नाही तो तळाला जाणार, आणि जिनं त्याला विहिरीतून काढलं ती नावेत बसून काचेतून मासे बघणार! मला इतकं रडू आलं की डोळ्यांवरच्या काचेत आतून पाणी साचलं. मीनाक्षीला वाटलं काच गळतेय. तिनं बिचारीनं काढून पुसली आणि परत बसवली. परत भरली.

हे शेजारी उभे होते. यांना तर सुटायची आयती संधी होती. "बायको न्हाई तर मीबी न्हाई" एवढं म्हटलं असतं की टाकी उतरवून नारळपाणी प्यायला मोकळे. वर बायकोवर प्रेम किती म्हणून लेकीनं कौतुकही केलं असतं. मला वाटलं, आता म्हणतात. यांनी माझ्याकडं बघितलं, निळ्या पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "म्याडम, उसको बोलने लगाओ."

"मतलब?"

"शादी को इतना साल हुआ. मैंने इसको बोलते टाइम साँस रोकते कभी नहीं देखा. बोलेगी तो साँस चलेगी. आप सिरफ चालू करो. बंद नहीं होता."

प्राजक्ता फिस्सकन हसली. मीनाक्षी आधी गोंधळली, मग तिचे डोळे चमकले. "ठीक है आंटी. रबर तोंड में रख के जो मन में आये बोलिए. अंकल को डाँटिए."

असलं आवडीचं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याखाली गेले आणि सुरुवात केली. रबरामुळं शब्द काही फुटत नव्हते, नुसतं घुं घुं घुं, पण बुडबुडे? धबधबा! न विचारता म्हैस विकली तिथपासून धरलं. "आलोच" म्हणून पारावर जातात आणि अर्धा दिवस येत नाहीत ते काढलं. ओला टॉवेल गादीवर टाकतात ते काढलं. म्हशीवर अजून बरंच बाकी होतं, तर मीनाक्षीनं हाताची खूण केली. पास!

खाली

बोटीनं थोडं आत नेलं. मला मागून मीनाक्षीनं धरलेलं, यांना एका दाढीवाल्या पोरानं आणि प्राजक्ताला आणखी एकानं. कान दुखू नयेत म्हणून नाक दाबून आतून कानाकडं फुंकर मारत मारत आम्ही खाली निघालो. मी म्हशीवर होते.

आणि मग म्हशीचं विसरलेच. पोवळं म्हणजे मला मंगळसूत्रातला तांबडा मणी माहीत. इथं त्याचं रान माजलेलं! कुठं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, कुठं सांबराच्या शिंगांसारखं, कुठं पंख्यासारखं. हे दगड नाहीत, जिवंत आहेत, हात लावायचा नाही, असं वर बजावून सांगितलं होतं. त्यांच्यातून पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे गर्दीनं चाललेले. एक पोपटी मासा खडकाला चोच मारत होता, आणि त्याचा कुरुकुरु आवाज चक्क ऐकू येत होता. एक जाडा तपकिरी मासा कपारीत बसून खालचा ओठ काढून आमच्याकडं बघत होता, अगदी ग्रामसभेला आलेल्या बायकांकडं सरपंच बघतात तसा. मी बोलत होते, पण आता भांडण नव्हतं. "अगं आई गं, हे बघा! अवं, ते बघा! अगं बया!" एवढंच.

तळ आला. पांढरी वाळू. माझा हात आपोआप गेला आणि मूठ भरली. मीनाक्षीनं समोर येऊन बोट हलवलं. तिला काय सांगू, की पोरी, याच्याशिवाय कुणी खरं मानत नाही? मूठ उघडली. वाळू सावकाश खाली गेली. वाईट वाटलं, पण हाताला तळ लागला होता, तो मला पुरला.

पुढं खडक संपत होता. तिथं तळ एकदम खाली गेलेला आणि समोर नुसतं निळं, ज्याला शेवटच नाही. हे माझ्या थोडे पुढं होते. त्या कडेला आले आणि थबकले. खाली बघत राहिले. आणि माझ्या लक्षात आलं की यांचे बुडबुडे थांबलेत. कढई बंद. यांनी श्वास धरला होता.

आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घ्यायचं तेवढंच. घरात "अवं", लोकांत "प्राजूचे पप्पा". पण त्या क्षणी मला काही सुचलं नाही. मी सगळा जोर लावून ओरडले, "दत्तूऽऽऽ!"

माझ्या तोंडातून बुडबुड्यांचा एवढा मोठा लोट गेला. पाण्यात हाक पोचते का नाही मला माहीत नाही. दाढीवाला पोरगा यांच्या खांद्यावर थोपटत होताच. पण हे वळले ते माझ्याकडं. काचेमागं डोळे हे एवढे मोठे. मी हात पुढं केला, यांनी तो घट्ट धरला, आणि भडाभडा बुडबुडे परत सुरू झाले. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. वर येईपर्यंत हात सोडला नाही, ना यांनी, ना मी.

बोटीत टॉवेल गुंडाळून बसल्यावर हे म्हणाले, "खाली काय बोलत व्हतीस गं?"

"तुमचं नाव घेतलं."

"उखाण्यात?"

"न्हाई. सरळ. एकेरी."

यांनी टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. मग म्हणाले, "आईच तेवढी म्हनायची."

दुपारी शेफाली काकींनी मोहरीचं वाटण लावून ताजा मासा वाढला. हे ताटाकडं बघत राहिले आणि ताट बाजूला सारलं. म्हणे, "ह्याला मी सकाळी बघितल्यागत वाटतंय." उरलेले दिवस हे वरणभातावर राहिले. मी दोघांच्या वाटचं खाल्लं.

कवठ्यात परत

आम्ही पोचायच्या आधी, खाली त्या पोरांनी काढलेला आणि प्राजक्तानं फोनवर पाठवलेला व्हिडिओ गावात पोचला होता. संध्याकाळी ओटा माणसांनी भरला. मी चहा घेऊन बाहेर आले तर आमच्या भावकीतला एक जण म्हणत होता, "आप्पा म्हंजी जुनं पोहणारं! समुद्र काय आन् हीर काय. वहिनीला कसं हाताला धरून नेलंय बघा. तवाबी आप्पांनीच काढलं व्हतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कप पुढं केले. आता माझी काही तक्रार नव्हती, खरंच. मी तळ बघून आले होते.

यांनी कप घेतला, खाली ठेवला आणि म्हणाले, "मी न्हाई धरलेलं. तिनं मला धरलंय."

"म्हंजी?"

"म्हंजी, तवाबी तिनंच काढलं मला. मला पोहायला येत न्हाई. तवाबी येत नव्हतं, आजबी येत न्हाई. ती बादली काढाया गेलती."

प्राजक्ता दारात उभी, हातातला फोन तसाच. मला तर कुठं बघावं कळेना.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले दगडूमामा खाकरले. त्या दिवशी दोर घेऊन सगळ्यात आधी पोचलेले ते हेच. म्हणाले, "मला ठाव व्हतं की रं, दत्तू. तुझ्या डोक्याचा झुपका सूनबाईच्या मुठीत व्हता. पर तुझी आई एवढी खूश व्हती, म्हनलं कशाला बोला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पर सूनबाई, बादली कुठंय?"

"तळाला हाय मामा, अजून."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी हे मला म्हणाले, "चल मळ्यात." विहिरीवर गेलो. यांनी आधी मोटारीचा स्टार्टर बंद केला. मग बांधावर उभं राहून चारी दिशांना हाळी दिली, "सून उडी मारती हाय रं! पोहाया मारती हाय! कुनी पळू नका!" खुरपणाऱ्या बायका उभ्या राहून हसायला लागल्या आणि खुरपी तिथंच टाकून बघायला आल्या.

मी पदर खोचला आणि बघते तर यांच्या खांद्यावर नवाकोरा दोर.

"अवं, कुनी पळू नका म्हनलात आन् तुम्हीच दोर आणला? कशाला?"

"मला काढाया."

"तुम्ही कशाला आत येताय?"

"तू आत गेलीस आन् लवकर वर न्हाई आलीस, तर माझं काय खरं न्हाई. मी येनारच मागनं," हे म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून मला टक्कल दाखवलं. "तवा केस व्हते, धरून काढलंस. आता काय धरशील?"

दोराचं एक टोक यांनी कमरेला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. मी ते कठड्याच्या लोखंडी कडीला पक्कं बांधलं, दोनदा ओढून बघितलं, श्वास धरला आणि उडी मारली.